पणजीनं त्या दिवशी कणीक का मळली

प्रिय बाळा,

आबांच्या अंत्ययात्रेचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू मला दोन प्रश्न विचारलेस. "आई, पणजोबा गेले तर लोक टाळ वाजवून गात का होते? त्यांना वाईट वाटलं नाही का?" आणि दुसरा, "पणजी तेव्हा चपात्या का करत होती?" मला रडू आवरत नव्हतं म्हणून 'नंतर सांगते' म्हटलं. आता म्युनिकमध्ये रात्र झालीय, तू झोपलायस. तू वाचशील म्हणून लिहून ठेवते.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे आबा, सातारा जिल्ह्यात लोणंदजवळच्या आपल्या गावात १९३४ साली जन्मले. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ तू पाहिलीस ना? ती वारकऱ्याची माळ. ती घातली की मांस-मच्छी, दारू सुटते, एकादशीचा उपास आणि पंढरीची वारी येते. आळंदीहून माउलींची पालखी पंढरपूरला निघते ती आपल्या लोणंदवरून जाते. पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं, तिथं दोन घोडे धावतात. एकावर स्वार असतो आणि दुसरा मोकळा. त्याच्यावर माउली बसतात असं मानतात. आबा पहिल्यांदा वारीला गेले तेव्हा बारा वर्षांचे होते, वडिलांचं बोट धरून.

त्या पहिल्या वारीतली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. वाटेत सगळे एकमेकांच्या पाया पडत होते, लहान-मोठा, जात-पात काही नाही, सगळ्यांना एकच हाक, "माउली". आणि पंढरपुरात पोचल्यावर मात्र बरोबर चालत आलेल्या काही माणसांना देवळाबाहेरच थांबावं लागलं, कारण दलितांना आत प्रवेश नव्हता. पुढच्या वर्षी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं. आबा म्हणायचे, भजनात जे रोज म्हणत होतो ते देवळात यायला इतकी वर्षं लागली. हे सांगताना त्यांचा आवाज अजून चिडलेला असायचा, आणि मला त्यांचं ते चिडणं फार आवडायचं.

आता मृदंग. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं शिकून आलेल्या एका बुवांकडे आबा रात्री शेतातली कामं उरकून बोल घोकायला जायचे. इतर लोक ज्याला पखवाज म्हणतात त्यालाच वारकरी मृदंग म्हणतात. उजव्या तोंडाला काळी शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला मात्र वाजवायच्या आधी ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय खर्जातला तो भरीव घुमारा निघत नाही. कमी लावली तर आवाज पोकळ येतो, जास्त लावली तर बसका. वाजवून झालं की खरवडून काढायची.

आणि ती कणीक आमच्या घरात नेहमी आजीनंच मळली. आजी म्हणजे तुझी पणजी. तेव्हा घरात रोज बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी असायची, गहू सणाला. तरी डब्यात मूठभर गव्हाचं पीठ मृदंगासाठी वेगळं असायचं, आम्हा पोरांना त्याला हात लावायची मनाई. आजीला भजन म्हणता यायचं, पण चारचौघांत ती कधी गायली नाही. तिच्या बोटांना मात्र कणीक किती सैल हवी ते बरोबर कळायचं. पावसाळ्यात वेगळी, उन्हाळ्यात वेगळी.

गावात कुणी गेलं की निरोप आधी आबांकडे यायचा. ऐन सुगीत विळा बांधावर टाकून ते घरी यायचे, आजी कणीक द्यायची, आणि ते मृदंग गळ्यात अडकवून निघायचे. ज्यांच्याशी बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याकडेसुद्धा. मी तुझ्याएवढी असताना त्यांना तुझाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "अगं, दुःखात माणसाचं पाऊल उचलत नाही. नदी लांब असते. ठेका असला की पाय चालतात."

म्हणून टाळ, बाळा. वाईट वाटत नव्हतं असं नाही. पुढे टाळ वाजवणारे काका तू पाहिलेस, ते हुंदके देत होते आणि हात चालूच होते. ते जे गात होते तो तुकोबांचा निरोपाचा अभंग, 'आम्ही जातो आपुल्या गावा'. त्यात जाणारा माणूसच मागे राहिलेल्यांना रामराम घालतो. वारकरी 'मेला' म्हणत नाहीत, वैकुंठाला गेले म्हणतात. वर्षश्राद्धाच्या कीर्तनाची पत्रिका येईल, तिच्यावर आबांच्या नावाआधी 'वै.' लिहिलेलं असेल, ते त्याचंच.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत आबा पायी गेले. नंतर लोणंदला पालखीच्या मुक्कामाला जाऊन दर्शन घ्यायचे. २०२० साली करोनामुळे पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. त्या वर्षी आषाढीला संध्याकाळी ते ओसरीवर उभे राहिले आणि एकट्यानं हरिपाठ म्हटला. शहाऐंशीचे होते, मृदंग गळ्यात पेलत नव्हता. आजीनं समोर बसून एका बाजूनं तो धरला होता. काकांनी मला तो फोनवर ऐकवला. तू तेव्हा फार लहान होतास, माझ्या मांडीवर झोपला होतास.

आता तुझा दुसरा प्रश्न. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, जेवण शेजारून येतं. त्यामुळे पणजी चपात्या करत नव्हती. आबांचाच मृदंग गावातला एक पोरगा वाजवणार होता, आबांनीच शिकवलेला. तो दारात आला, पण मागायला त्याला जीभ रेटेना. आजीनं त्याच्याकडे पाहिलं, उठली, परात घेतली आणि मळायला बसली.

आमच्याकडे बायका नदीवर जात नाहीत, त्यामुळे ती घरीच थांबली. सगळे परत आले, पाय धुऊन आत आले, तेव्हा काकांना तिनं एवढंच विचारलं, "आवाज लागला का रं?"

काका म्हणाले, "लागला, आई."

मग ती आडवी झाली.

तुझी,
आई