बबल रॅप थेट रंगावर लावू नकोस
पहिलं पेंटिंग विकलं गेलं, मस्तच रे! पण पॅकिंगची घाई नको. बबल रॅप थेट रंगावर अजिबात लावायचा नाही, आधी ग्लासिन पेपर (गुळगुळीत, पातळ, सहसा न चिकटणारा कागद), मग बबल रॅप आणि तोही फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. माझ्या एका ऑइल पेंटिंगवर गोल गोल ठसे उमटले होते, वरून वाळलेलं वाटत होतं पण आतून ओलंच, जाड थर वाळायला 6 महिने ते वर्ष सहज लागतं, अजून जीव हळहळतो. कोपऱ्यांना पुठ्ठा लाव, बॉक्समध्ये चारी बाजूंनी 5 सेंमी तरी जागा सोडून ती गच्च भर आणि हलवून बघ, आत काही सरकलं तर परत उघड. कॅनव्हास गुंडाळून पाठवणार असशील तर रंगाची बाजू बाहेर.