वाचक विचारतात: तेल आहे, पण वर येत नाही

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय क्षेत्रातून १९७६ पासून तेल निघतं आहे. विहिरी जुन्या होत जातात तसं तेल वर आणणं हेच मोठं काम होऊन बसतं, आणि या महिन्यातले प्रश्न त्याबद्दलच आहेत. उत्तरांत दाब 'किलो'त दिला आहे, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पाण्याच्या दहा मीटर स्तंभाचा दाब साधारण एक किलो, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे सगळे हिशेब कागदावर करून पाहता येतील.

साठ्यात तेल शिल्लक असतं, दाबही असतो, तरी विहीर आपोआप वाहायची थांबते. अडतं कुठे? – एक वाचक, मुलुंड

जुन्या इमारतीत पालिकेचं पाणी तळमजल्याच्या नळाला धो धो येतं आणि चौथ्या मजल्यावरचा नळ नुसता फुसफुसतो. लाइनीत दाब नाही असं नसतं. बारा मीटर चढायला जो सव्वा किलो लागतो, तेवढा उरलेला नसतो.

विहिरीचं गणित असंच आहे, फक्त उंची मोठी. समजा विहीर १५०० मीटर खोल आहे आणि साठ्याचा दाब १४० किलो. ०.८५ घनतेच्या तेलाने ट्यूबिंग, म्हणजे तेल वर आणणारी विहिरीतली नळी, भरली तर त्या स्तंभाचंच वजन १२७.५ किलो होतं. उरलेल्या साडेबारा किलोत घर्षण, वरच्या चोकचा (प्रवाह आवळणाऱ्या तोंडाचा) अडथळा आणि सेपरेटरचा (तेल-गॅस वेगळं करणाऱ्या टाकीचा) दाब भागवायचा, शिवाय खडकातून तेल विहिरीत यावं म्हणून तळाचा दाब साठ्यापेक्षा कमी ठेवायचा. एवढ्यात ते भागत नाही. तरीही नवी विहीर वाहते, कारण तेल वर चढताना त्यात विरघळलेला गॅस सुटतो आणि स्तंभ हलका होतो. सरासरी घनता ०.५ पर्यंत आली तर वजन ७५ किलोच राहतं.

मग पाणी यायला लागतं. द्रवात ८० टक्के खारं पाणी झालं की मिश्रणाची घनता ०.९९ च्या आसपास जाते आणि दर घनमीटर द्रवामागे मिळणारा गॅसही घटतो. गॅस नगण्य धरला तर स्तंभ १४८ किलोचा होतो. साठ्याचा दाब एका किलोनेही उतरलेला नाही, तरी विहीर मेली. 'दाब संपला' असं सरसकट म्हटलं जातं ते म्हणूनच पटत नाही. बऱ्याच विहिरी पाण्याच्या ओझ्याने थांबतात.

यावर मुख्य उपाय दोन. बाहेरून गॅस घालून स्तंभ हलका करायचा (गॅस लिफ्ट) किंवा खाली पंप बसवून दाब वाढवायचा. कृत्रिम उपशाच्या जवळजवळ सगळ्या पद्धती या दोहोंपैकी एकीत बसतात.

चाचणीत साठ्याचा दाब १४०, वाहता तळदाब (विहीर वाहताना तळाशी असलेला दाब) १०० आणि उत्पादन दिवसाला ८० घनमीटर मिळालं. उत्पादकता निर्देशांक २ आला. त्यावरून तळदाब ३० वर आणला तर २२० घनमीटर मिळतील असं मांडलं, पण मार्गदर्शकांनी ते खोडलं. चूक काय? – एक विद्यार्थिनी, माटुंगा

निर्देशांक म्हणजे एक किलो दाब उतरवल्यावर दिवसाला मिळणारे घनमीटर; ८० भागिले ४० म्हणजे २, हे बरोबर. चूक आहे ती रेघ सरळ पुढे ओढण्यात. तळदाब बबल पॉइंटखाली, म्हणजे विरघळलेला गॅस ज्या दाबाला सुटू लागतो त्याखाली, गेला की खडकातच गॅस सुटतो, तो छिद्रांतली जागा अडवतो आणि तेलाची वाट अरुंद होते. त्यामुळे दर एक किलो दाब उतरवल्यावर मिळणारं जादा तेल घटत जातं. रेघ वाकते.

हे वाकणं मोजण्याचं सूत्र वोगेल यांनी १९६८ मध्ये दिलं. तळदाबाला साठ्याच्या दाबाने भागा. एकातून त्या गुणोत्तराची ०.२ पट वजा करा, मग त्याच्या वर्गाची ०.८ पट वजा करा. उरलेला आकडा म्हणजे चालू उत्पादन आणि कमाल उत्पादन यांचं गुणोत्तर. तुमच्या आकड्यांत १०० भागिले १४० म्हणजे ०.७१४, त्यावरून ०.४४९ मिळतात, म्हणजे कमाल १७८ घनमीटर. सरळ रेघेने तुम्ही २८० पर्यंत गेला असता. तळदाब ६० ला १३७ घनमीटर येतात आणि ३० ला १६४.

इथे थोडं थांबून बघा. १०० वरून ६० वर येताना ५७ घनमीटर वाढले. ६० वरून ३० वर येताना फक्त २७. तो शेवटचा टप्पा गाठायला मोठा पंप, जास्त वीज आणि पंपात शिरणारा जादा गॅस, हे सगळं पदरी येतं. यंत्राची निवड या वक्रावर ठरते, म्हणून तो आधी नीट काढावा असा आमचा आग्रह आहे.

वरचा हिशेब बबल पॉइंट १४० किंवा त्याहून जास्त असेल तरच लागू. तो ९० असेल तर ९० पर्यंत तुमची सरळ रेघ खरी: तिथे १०० घनमीटर. त्याखाली वोगेलचा वक्र जोडायचा. निर्देशांकाला बबल पॉइंटने गुणून १.८ ने भागलं की त्या भागाची जास्तीत जास्त भर मिळते, इथे १००. तळदाब ३० ला एकूण उत्पादन १८४ येतं. एकाच चाचणीवरून २२०, १८४ की १६४, हे तेलाच्या नमुन्याच्या प्रयोगशाळेतल्या अहवालावर ठरतं. तो अहवाल न बघता उत्तर लिहू नका. पाण्याचं प्रमाण खूप असेल तर पाण्यापुरती रेघ सरळच राहते, आणि वोगेल लावला तर अंदाज कमी येतो.

चाचणी घेताना एका चोकवर विसंबू नये. निदान तीन वेगवेगळ्या चोकवर विहीर स्थिर होऊ द्यावी आणि प्रत्येक वेळी तळाशी गेज सोडून दाब घ्यावा. साठ्याचा दाब विहीर बंद ठेवून मोजतात, पण घट्ट खडकात २४ तासांतही तो पूर्ण चढत नाही. अपुऱ्या वेळेचा आकडा घेतला की निर्देशांक फुगतो.

आणखी एक गोष्ट. वक्र फार खुजा आला तर विहिरीभोवतालचा खडक ड्रिलिंगच्या चिखलाने किंवा क्षारांनी चोंदला आहे का, हे प्रेशर बिल्ड-अप चाचणीने (विहीर बंद करून दाब कसा चढतो ते मोजून) बघावं. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीत आहे आणि चुनखडी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते. प्रचलित प्रमाण १५ टक्के, सोबत ट्यूबिंग गंजू नये म्हणून इनहिबिटर. चोंदलेल्या विहिरीत मोठा पंप सोडणं म्हणजे नाक चोंदलेल्या माणसाला जोरात श्वास घ्यायला सांगणं.

गुजरातेत मेहसाण्याकडे डोलणारे पंप दिसतात. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ते का नसतात? – एक वाचक, उरण

पहिलं कारण जागा आणि वजन. दुसरं, एका प्लॅटफॉर्मवरून बऱ्याच विहिरी तिरप्या खणलेल्या असतात. तिरप्या ट्यूबिंगमध्ये डोलत्या पंपाचे सकर रॉड (खालच्या पंपापर्यंत जाणाऱ्या सळया) वरखाली घासत राहिले की रॉडचे कपलिंग आणि ट्यूबिंगची भिंत दोन्ही झिजतात. तिसरं कारण सुरक्षेचं, आणि आमच्या मते तेच सर्वांत वजनदार. समुद्रातल्या विहिरीत तळाच्या मातीखाली ट्यूबिंगमध्येच एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, जो वर काही अपघात झाला तर आपोआप मिटतो. त्यातून रॉड गेला असेल तर त्याची झडप मिटणारच नाही.

गॅस लिफ्टमध्ये हे अडथळे नाहीत. तेलाबरोबर येणारा गॅस हाताशी असतो. तो कॉम्प्रेसरने दाबून केसिंग (विहिरीचं बाहेरचं पोलादी नळकांडं) आणि ट्यूबिंगमधल्या पोकळीत सोडतात. ट्यूबिंगला ठरावीक खोलीवर बगलेत खिसा असलेले मँड्रेल असतात आणि त्या खिशांत व्हॉल्व्ह बसवलेले असतात. व्हॉल्व्ह बिघडला तर वायरलाइनवर (बारीक तारेवर) किकओव्हर टूल, म्हणजे व्हॉल्व्ह काढण्याचं हत्यार, उतरवून तो काढता येतो, ट्यूबिंग उपसावी लागत नाही. पंप बिघडला तर बहुधा वर्कओव्हर रिग (विहीर दुरुस्तीची रिग) आणावी लागते, आणि समुद्रात ती फार महागात पडते.

आमच्या गॅस लिफ्ट विहिरीत दाब सारखा वरखाली होतो. दोन पेनांच्या चार्टवर काय बघायचं? – एक पदविकाधारक तंत्रज्ञ, पनवेल

दाब नोंदवणारं एक पेन केसिंगचं, एक ट्यूबिंगचं. दोन्ही ठरावीक अंतराने डोलत असतील, म्हणजे केसिंग चढतं, मग झपकन उतरतं आणि त्याच वेळी ट्यूबिंग उसळी घेते, तर ते केसिंग हेडिंग. खालच्या ऑपरेटिंग व्हॉल्व्हचं भोक मोठं आहे. साठलेला गॅस एकदम आत शिरतो, केसिंग रिकामं होतं, पुन्हा भरेपर्यंत विहीर सुस्त पडते. तात्पुरतं म्हणून विहिरीचा चोक थोडा आवळा किंवा गॅस थोडा वाढवून बघा. कायमचा इलाज म्हणजे लहान भोकाचा व्हॉल्व्ह, किंवा व्हेंचुरी आकाराचा (मधे अरुंद होऊन पुढे हळूहळू रुंदावणारा). साध्या ऑरिफिसमधून (भोकातून) गॅसचा प्रवाह कमाल वेगाला पोचायला खालचा दाब वरच्याच्या जवळपास निम्मा व्हावा लागतो. व्हेंचुरीत सुमारे दहा टक्के फरक पुरतो, त्यामुळे ट्यूबिंगमधली उलथापालथ गॅसच्या प्रवाहापर्यंत पोचत नाही.

केसिंगचा दाब हळूहळू ओसरत असेल आणि गॅसच्या लाइनीत मात्र दाब नेहमीचाच असेल, तर वरच्या चोकमध्ये हायड्रेट गोठत आहे. ओला गॅस चोकमधून पसरताना थंड होतो आणि बर्फासारखा खडा धरतो. मिथेनॉल सोडल्यावर मोकळं होतं, पण गॅस नीट कोरडा केल्याशिवाय ते परत परत होत राहणार.

केसिंगचा दाब ठरवल्यापेक्षा कमी आणि गॅस मात्र जास्त खात असेल तर वरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे किंवा ट्यूबिंगला भोक पडलं आहे. यातलं कोणतं, ते असं ओळखा: विहीर बंद करून दोन्ही बाजूंचा दाब समान होऊ द्या, मग केसिंगचा दाब सोडा. ट्यूबिंगचा दाब टिकला तर व्हॉल्व्हच्या उलट्या झडपा शाबूत आहेत आणि भोक नाही. तो केसिंगबरोबर खाली आला तर भोक आहे, किंवा झडप गळते.

बंद विहीर सुरू करताना घाई करू नका. केसिंगमधला द्रव व्हॉल्व्हमधून वेगाने गेला की सीट कापली जाते. सुरुवातीला दर दहा मिनिटांना साडेतीन किलोपेक्षा जास्त चढवू नये. केसिंग २८ किलोवर गेल्यावर दहा मिनिटांना सात किलो चालतात. बऱ्याच विहिरींचे व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी या घाईत खराब होतात, आणि दोष मात्र डिझाइनला दिला जातो.

जास्त गॅस म्हणजे जास्त तेल, असंही नाही. एका मर्यादेनंतर गॅसचं स्वतःचं घर्षण वाढतं आणि उत्पादन उतरतं. कॉम्प्रेसरची क्षमता अपुरी असेल तर जादा दहा हजार घनमीटर गॅसवर जी विहीर बारा घनमीटर तेल जास्त देते तिला तो द्यावा, तीन देणारीचा काढून घ्यावा.

ईएसपी (विहिरीत बुडवलेला विजेचा पंप) वारंवार अंडरलोडवर (भार कमी पडून) ट्रिप होतो. लगेच परत सुरू केला तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

नाही. पंप थांबला की ट्यूबिंगमधला द्रव खाली येताना पंपाला उलटा फिरवतो, आणि अशा वेळी मोटर चालू केली तर शाफ्ट तुटू शकतो. पंपावर चेक व्हॉल्व्ह नसेल तर निदान अर्धा तास थांबा. ट्रिपचं कारण बहुधा दोनपैकी एक: विहीर देते त्यापेक्षा पंप जास्त ओढतो किंवा तोंडाशी मोकळा गॅस जास्त आहे. अँपिअरची रेघ हळूहळू उतरून ट्रिप झाला तर पहिलं, रेघ थरथरत असेल तर दुसरं. पहिल्यात व्हीएसडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) फ्रिक्वेन्सी कमी करा, दुसऱ्यात गॅस सेपरेटर बसवा किंवा पंप आणखी खोल सोडा.

मोटर थंड राहते ती बाजूने जाणाऱ्या द्रवामुळे. त्याचा वेग सेकंदाला निदान ०.३ मीटर हवा. ११६ मिलिमीटर व्यासाची मोटर १५९ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या केसिंगमध्ये असेल तर त्यासाठी दिवसाला सुमारे २४१ घनमीटर द्रव लागतो. विहीर १३७ घनमीटरच देत असेल तर मोटरभोवती श्राउड (द्रव मोटरलगत नेणारं वेष्टण) बसवावा लागेल. मोटर पर्फोरेशनच्या (तेल आत यावं म्हणून केसिंगला पाडलेल्या भोकांच्या) खाली असेल तर तिच्या बाजूने द्रव वाहतच नाही. तिथेही श्राउड हवा.

सकर रॉड पंपात 'फ्लुइड पाउंड' म्हणजे काय? – एक विद्यार्थी, कल्याण

बॅरल (पंपाचं नळकांडं) पूर्ण न भरता प्लंजर (आतला दट्ट्या) खाली येतो, मोकळी जागा ओलांडतो आणि द्रवावर आपटतो. त्या हादऱ्याने रॉड आणि गिअरबॉक्स दोन्ही मार खातात. डायनॅमोमीटर कार्डावर (रॉडवरच्या भाराच्या आलेखावर) खाली येतानाचा भार उशिरा आणि तीव्रतेने कोसळताना दिसतो. ४४.५ मिलिमीटरचा प्लंजर, अडीच मीटरचा स्ट्रोक आणि मिनिटाला ८ फेऱ्या धरल्या तर दिवसाला सुमारे ४५ घनमीटर भरतात. रॉड ताणले जात असल्याने प्रत्यक्षात स्ट्रोक त्याहून कमी पडतो. टाकीत ३० च येत असतील तर आधी इकोमीटरने (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून) केसिंगमधली द्रवाची पातळी बघा. ती पंपाच्या तोंडाशी असेल तर विहीर एवढंच देते: फेऱ्या सहावर आणा. पातळी शेकडो मीटर वर असूनही उत्पादन कमी असेल तर तेल भरपूर आहे आणि पंपच नीट काम करत नाही. मग झिजलेला प्लंजर, गळणारा स्टँडिंग व्हॉल्व्ह (पंपाच्या तळाची झडप) आणि गॅस लॉक (पंपात गॅस अडकणं) या क्रमाने तपासा.