गिंप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लोन टूलने (फोटोतल्या एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवणारं साधन) आकाशातली विजेची तार पुसताना तोच ढग पुन्हा पुन्हा का उमटतो?

टूल ऑप्शन्समधलं 'अलाइनमेंट' बहुधा 'नन'वर आहे, ते 'अलाइन्ड' करा. 'नन'वर माउस सोडून पुन्हा दाबला की प्रत्येक फटकारा कंट्रोल-क्लिक केलेल्या मूळ जागेपासूनच सुरू होतो, म्हणून तोच ढग. 'अलाइन्ड'वर स्रोत (जिथून नक्कल घेतली जाते ती जागा) आणि ब्रश यांच्यातलं अंतर कायम राहतं. ब्रश सरकला की स्रोतही सरकतो. जुने फोटो साफ करणं माझं रोजचंच काम, तिथे मी हेच ठेवतो. मात्र लांब तारेसाठी एकाच स्रोतावर विसंबू नका. थोड्या थोड्या अंतरावर, तारेला अगदी लागून, तितक्याच उजेडाच्या जागी नव्याने कंट्रोल-क्लिक करा, नाहीतर निळ्या छटेत पट्टा उठून दिसतो. आणि ब्रशची कडा मऊच हवी.