फ्लॅट विकतोय, तपासणीआधी घराची तयारी काय करू?

पुढच्या आठवड्यात खरेदीदाराचा इंजिनिअर आणि त्याच्या बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) येणार, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी ओल बघा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हात फिरवा. रंग फुगलाय, पांढरी पूड हाताला लागतेय, तर तिथं पाणी मुरतंय. कृपा करून त्यावर नुसता रंग मारू नका. ओलावा मोजायचं यंत्र रंगाखालची ओलही दाखवतं, आणि मग समोरचा माणूस तुमच्या प्रत्येक शब्दावर शंका घेतो. बहुतेक वेळा दोष टाइल्सच्या सांध्यांत किंवा नहाणी ट्रॅपभोवती (बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीभोवती) असतो. दुरुस्त करून घ्या, बिल जपून ठेवा. भिंत तोवर वाळली नाही तर तसं सरळ सांगा.

डीबीमधल्या (विजेच्या स्विचबोर्ड पेटीतल्या) आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा, खटका लगेच पडायला हवा. गळके नळ, फ्लश बघून घ्या. माळा, सिंकखालची जागा, डक्टची खिडकी मोकळी करा.

व्हॅल्युअर मंजूर नकाशाशी घर ताडून बघतो. बाल्कनी आत घेतली असेल तर खरेदीदाराला आजच कळवा. नकाशा, इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती एकाच फाइलीत काढून ठेवा.