पान्यावर तिरका जोर दिला तर मोमेंट काढताना साइन घ्यायचा की कॉस?

मित्रा, तुझं गणित असंय ना: 250 मिमीचा पाना आडवा धरलाय, डाव्या टोकाला नट, उजव्या टोकाला 200 न्यूटनचा जोर खालच्या बाजूला पण तिरका, दांड्याशी 60 अंशाचा कोन करून, आणि नटाच्या मध्याभोवती मोमेंट, म्हणजे जोराचा फिरवण्याचा परिणाम (जोर गुणिले त्याच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर), काढायचाय. तू कॉस लावून 25 काढलंस, पुस्तकात उत्तर 43.3 आहे, म्हणून विचारतोयस की साइनच का.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, सातपूर आयटीआयची पोरं आमच्याकडे अप्रेंटिसला येतात त्यांचाही हमखास इथेच घोळ होतो, कारण डोक्यात बसलेलं असतं ते वर्कचं सूत्र, फोर्स गुणिले अंतर गुणिले कॉस थीटा. पण वर्कमध्ये वस्तू ज्या दिशेला सरकते त्या दिशेतला जोर मोजतो आणि मोमेंटमध्ये बरोबर उलटं, दांड्याला काटकोनात किती जोर आहे ते बघायचं. म्हणून मी म्हणतो साइन-कॉस पाठच करू नकोस, आकृतीत जोराचे दोन तुकडे कर आणि प्रत्येक तुकडा नट फिरवतोय का एवढं विचार.

पहिला तुकडा दांड्याच्या रेषेत, 200 गुणिले कॉस 60 म्हणजे 100 न्यूटन. याची रेषा थेट नटाच्या मध्यातून जाते, अंतर शून्य, मोमेंट शून्य. जात्याचा खुंटा तू जात्याच्या मध्याकडे कितीही जोरात ओढ, जातं फिरतं का? तसंच हे. दुसरा तुकडा दांड्याला काटकोनात, 200 गुणिले साइन 60 म्हणजे 173.2 न्यूटन, आणि फिरवणारा तो हाच. 173.2 गुणिले 0.25 मीटर, आले 43.3 न्यूटन मीटर. तू जे 25 काढलंस ते त्या न फिरवणाऱ्या तुकड्याला अंतराने गुणून काढलंस.

पटत नसेल तर दुसऱ्या रस्त्याने ये. जोराचे तुकडे करूच नको, त्याची रेषा दोन्हीकडे पट्टीने लांब वाढव आणि नटाच्या मध्यापासून त्या रेषेवर लंब टाक, लंबाची लांबी 250 गुणिले साइन 60 म्हणजे 216.5 मिमी भरेल, आणि 200 गुणिले 0.2165 पुन्हा 43.3च. दोन्ही रस्ते एकाच उत्तराला येतात हेच सिलॅबसमधलं व्हॅरिग्नॉनचं थिअरम (जोराच्या तुकड्यांच्या मोमेंटची बेरीज म्हणजे अख्ख्या जोराचा मोमेंट), 1722 ला वारलेल्या फ्रेंच गणितज्ञाचं, परीक्षेत नुसतं स्टेटमेंट लिहून दोन मार्क घेतात पोरं आणि गणितात मात्र वापरत नाहीत.

आता खरी मेख. कोन कुणापासून दिलाय ते बघ. हेच गणित दुसऱ्या पुस्तकात 'जोर उभ्या रेषेशी 30 अंशात' असं येईल, तिथे कॉस 30 लावलास तर तेच 0.866 आणि उत्तर तेच. म्हणजे कॉस कायम चूक असं पण नाही बरं का. आणि पाना आडवा नसून आडव्या रेषेच्या वर 20 अंश उचललेला असेल, जोर मात्र खाली-उजवीकडे आडव्या रेषेशी 60 अंशात असेल, तर दांडा आणि जोर यांच्यातला कोन 80 होतो, मोमेंट 49.2. तोच जोर खाली-डावीकडे असेल तर फक्त 32.1. आकृती न काढता नुसता 60 उचलून सूत्रात टाकला की तिथेच मार्क गेले.

अजून एक प्रकार हमखास विचारतात, वाकड्या दांड्याचा पाना. समज हाताची पकड नटापासून आडवी 250 मिमी आणि वर 40 मिमी आहे. आता तो आडवा 100 न्यूटनचा तुकडा नटाच्या मध्यातून जातच नाही, त्यामुळे त्याला शून्य धरायचं नाही, 100 गुणिले 0.04 म्हणजे 4 न्यूटन मीटर त्याचेही मोजायचे. तो तुकडा नटापासून लांब, बाहेरच्या बाजूला ओढत असेल तर दोन्ही एकाच दिशेने फिरवतात आणि 47.3 येतं, नटाकडे ढकलत असेल तर वजा होऊन 39.3. म्हणून 'दांड्याच्या रेषेतला जोर सोडून द्या' हे फक्त सरळ पान्याला चालतं.

हे सगळं कागदावर झालं, पण हातात पाना घेतल्यावर सुद्धा फरक कळतो. छोट्या कारच्या व्हील नटला साधारण 100 न्यूटन मीटरच्या आसपास लागतात, ते 250 मिमीच्या पान्याने काटकोनात द्यायचे तर 400 न्यूटन, म्हणजे जवळपास 41 किलो वजनाएवढा जोर. 60 अंशात तिरका ओढलास तर तेवढ्याच मोमेंटला 462 न्यूटन, 47 किलो, वर त्यातले 231 न्यूटन दांड्याच्या रेषेत पाना बाहेर ओढण्यात जातात. उघड्या तोंडाचा पाना असेल तर तो नटावरून सटकतो आणि बोटं सोलवटतात, रिंग पाना निदान सटकत नाही. नाशिकच्या द्वारका भागातले गॅरेजवाले पान्याला पाइप घालतात ते अंतर वाढवायला, 500 मिमी केलं की काटकोनात 200 न्यूटन पुरतात, फक्त मग बोल्ट तुटेपर्यंत ओढायचा मोह आवरायला लागतो.

पेपरात उत्तर 43.3 न्यूटन मीटर, घड्याळाच्या दिशेने असं लिही. दिशा नाही लिहिली तर तपासणारा मार्क कापतो, आणि मिमीचे मीटर करायचे विसरलास तर 43300 येईल, तेव्हा एकक न्यूटन मिलिमीटर लिहिलंस तर ते पण बरोबरच आहे.