कॉम्प्युटर तापतोय, पंखा घोंघावतोय, नवीन कूलर घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डेस्कटॉप चार वर्षांचा झालाय, नुसता ब्राउझर उघडला तरी पंखा घोंघावायला लागतो, व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की कधी कधी मशीन मध्येच गपकन बंद पडतं, आणि ज्याला विचाराल तो सांगतो नवीन कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक आणि पंखा) घे, त्यातही लिक्विडवाला, म्हणजे पंपाने द्रव फिरवून थंड करणारा, घे. माझं सरळ मत, अजून काहीच विकत घेऊ नका. पंखा ओरडतोय तो त्याचं काम करतोय, त्याला मदरबोर्डने सांगून ठेवलंय की सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, तापला की जोरात फिर. उष्णता नेमकी कुठे अडकतेय ते आधी शोधायचं, आणि ते शोधायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो नाहीतर कोअर टेम्प हे सॉफ्टवेअर टाका, घरच्या वापराला दोन्ही फुकट आहेत. तापमान दिसायला लागलं की लगेच घाबरून जाऊ नका, कारण नुसत्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. एएमडीच्या रायझन ७००० सिरीजचे प्रोसेसर तर पूर्ण लोडला ९५ अंशांपर्यंत जाणार असंच धरून बनवलेत, इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. मर्यादेला टेकला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, तरीही तापतच राहिला तर मशीन बंद करून टाकतो. म्हणजे एक्सपोर्ट करताना ८० दिसतंय म्हणून झोप उडवून घ्यायची गरज नाही. काहीच चालू नसताना ७० दिसत असेल तर मात्र नक्की गडबड आहे.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो चढतो कसा आणि उतरतो कसा. हे कोणी बघतच नाही. मशीन दहा मिनिटं रिकामं ठेवा, मग एक्सपोर्ट लावा आणि आकड्याकडे बघत बसा. हल्लीचे प्रोसेसर लोड आला की वीस-पंचवीस अंशांची उडी एका झटक्यात मारतातच, ते नॉर्मल आहे. पण एक्सपोर्ट सुरू केल्या केल्या दोन-तीन सेकंदांत थेट मर्यादेला जाऊन चिकटला आणि काम थांबवल्याबरोबर तसाच धाडकन खाली आला, तर प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंकपर्यंत (प्रोसेसरवर बसवलेला पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा ठोकळा) पोचतच नाहीये. अशा वेळी मशीन बंद करून हीटसिंकच्या बुडाजवळ बोट लावून बघा, सॉफ्टवेअर ९५ दाखवत होतं आणि धातू जेमतेम कोमट आहे असं असेल तर शंकाच नको. लिक्विड कूलर असेल आणि त्याचा पंप बंद पडला असेल तरी लक्षणं हीच.

उलट आकडा हळूहळू, दहा-पंधरा मिनिटं घेत चढत राहिला आणि काम थांबवल्यावरही खाली यायला वेळ लावला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचतेय पण तिथून पुढे बाहेर पडत नाहीये. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच काम परत लावा. आठ-दहा अंशांचा फरक पडला तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये, विशेष फरक नाही पडला तर हीटसिंकच धुळीने बुजलाय. (झाकण कायमचं काढून ठेवणं हा काही इलाज नाही, धूळ अजून जाते आणि आवाज अजून ऐकू येतो.)

नुसता ब्राउझर उघडल्यावर पंखा ओरडतो म्हणताय तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू कोण खातंय तेही बघून घ्या. चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे काही मालवेअर इतके चलाख असतात की टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात. टास्क मॅनेजर उघडला की पंखा शांत आणि बंद केला की परत सुरू, असं होत असेल तर आधी अँटीव्हायरस चालवा, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

आता धूळ. चार वर्षांत एकदाही उघडलं नसेल तर माझी पैज धुळीवरच आहे. लोक झाकण काढतात, वरून बघतात, पंख्याच्या पात्यांवर थोडी धूळ दिसते, ती पुसतात आणि म्हणतात साफ केलं. खरी धूळ पंख्याच्या मागे असते, पंखा आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्या मधे, आणि पंखा सोडवल्याशिवाय ती दिसतच नाही. पंखा काढलात की राखाडी रंगाचा एक सलग थर दिसेल, कडेला नखाने धरून ओढला तर कापडासारखा अख्खा निघून येतो, आणि त्याच्या खाली पट्ट्या अगदी नव्यासारख्या चकचकीत. पंखा कितीही जोरात फिरला तरी त्या थरातून हवा जाणार कशी, म्हणून तो अजून जोरात फिरतो, अजून आवाज करतो आणि तापमान काही हलत नाही.

साफ करताना मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जातो, आणि आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. ब्लोअर किंवा हवेचा कॅन मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, हे फार जणांना माहीत नसतं, हवेच्या झोताने पंखा त्याच्या ताकदीबाहेर गरगरतो आणि बेअरिंग खराब होतं, म्हणजे आवाज घालवायला गेलात आणि नवीन आवाज घेऊन आलात. कॅन उभाच धरा, आडवा केला की आतलं द्रव बाहेर येतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्टॅटिक वीज तयार होते. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांनाही हाच न्याय, आणि पुढच्या जाळीला फिल्टर असेल तर तो काढून धुवा, वाळू द्या, मग लावा. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा) उघडायचा नाही, कितीही मोह झाला तरी नाही, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून बसतात. त्याला बाहेरूनच हवा मारायची.

आकडा झटक्यात चढत असेल तर कूलर काढून बसवायला पर्याय नाही. पण आधी कूलर घट्ट आहे ना ते बघा. इंटेलबरोबर येणाऱ्या बऱ्याच कूलरना प्लॅस्टिकच्या चार पिना असतात, त्या दाबून बसवायच्या असतात आणि त्यातली एखादी हमखास अर्धवट बसलेली असते. कूलर हलकेच हलवून बघा, एक कोपरा उचलला जात असेल तर सापडला चोर. रायझन असेल, एएम४ सॉकेटवाला, तर कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं काहीतरी जड काम करत चालू ठेवा म्हणजे पेस्ट जरा मऊ होते, मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडवून कूलर हळू डावीकडे उजवीकडे फिरवा, सुटल्यासारखा वाटला की मगच उचला.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवीन पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी ठेवायची आणि कूलर दाबला की ती आपोआप पसरते. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही, पेस्टमधून उष्णता धातूइतकी चांगली जातच नाही, तिचं काम फक्त दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटी भरायचं. स्क्रू समोरासमोरचे, एकेकाला दोन-दोन वेढे देत आवळा, एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर कूलर तिरका बसतो. आणि हो, कूलरच्या बुडाला प्लॅस्टिकचा संरक्षक कागद तसाच ठेवून बसवलेली मशीनं मी बघितलीयेत, हसू नका, असेंबल करून आणलेल्या मशीनमध्येसुद्धा.

झाकण काढून फरक पडला असेल त्यांच्यासाठी हवेची दिशा. साध्या पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, एवढंच. पुढे एक आणि मागे एक पंखा बहुतेकांना पुरतो, सहा-सहा रंगीत पंखे लावून फरक दोन-तीन अंशांचा पडतो आणि आवाज मात्र सहा पंख्यांचा येतो. पुढचा भाग अख्ख्या काचेचा असेल तर कडेला हवेला फट किती आहे ते बघा, काही कॅबिनेट दिसायला झकास असतात पण आतल्या पंख्यांना ओढायला हवाच मिळत नाही. कॅबिनेट भिंतीला चिकटून किंवा टेबलाच्या बंद खणात असेल तर ते हलवणं हाच अर्धा इलाज.

आवाजाचं म्हणाल तर सगळेच आवाज तापण्याचे नसतात. सलग घुर्र येतोय तो हवेचा. खरखर किंवा टकटक येत असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलंय नाहीतर एखादी वायर पात्याला लागतेय. बारीक चिरकी शिट्टी, जी गेममध्ये सीन बदलला की सूर बदलते, ती ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची, साफसफाईने ती जात नाही, नुकसानही काही करत नाही, गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) थोडे बांधून घातले की कमी होते. पंखा दर काही सेकंदांनी वर-खाली, वर-खाली होत असेल (ब्राउझरवर तुमचं बहुधा हेच होत असणार) तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन फॅन कर्व्ह, म्हणजे कुठल्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ते, बदला, ६० अंशांपर्यंत सपाट आणि कमी, तिथून पुढे चढता, आणि पंख्याने किती उशिरा प्रतिसाद द्यायचा याची सेटिंग असेल तर ती काही सेकंदांनी वाढवा. टॅब उघडला म्हणून सेकंदभर तापमान उडी मारतं, पंख्याने त्याच्या मागे धावायची काही गरज नसते. कॅबिनेटचा पंखा तीन पिनांचा असेल आणि बायोसमध्ये तो जोड पीडब्ल्यूएम मोडवर (चार पिनांच्या पंख्यांसाठीचा) असेल तर पंखा कायम फुल स्पीडला पळतो, डीसी मोड केला की एकदम शांत, एका पैशाचा खर्च नाही.

पंख्याचा वेग निम्मा केला तर हवेचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि तसाच दुसरा पंखा जोडला तर फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणून एक पंखा पिसाळल्यासारखा फिरवण्यापेक्षा दोन निवांत फिरवलेले कधीही बरे, आणि १२० एमएमच्या जागी १४० बसत असेल तर अजून बरं.

एवढं करूनही गरम वाटत असेल तर उष्णता तयारच कमी करा. आय५ १२४०० च्या खोक्यावर ६५ वॉट असतं पण टर्बोमध्ये, म्हणजे लोड आल्यावर आपणच वेग वाढवतो तेव्हा, तो ११७ पर्यंत जाऊ शकतो, आणि बरेच मदरबोर्ड मुळातच या मर्यादा सैल करून येतात. बायोसमध्ये पॉवर लिमिट आणा, रायझन असेल तर कमी वॉटमध्ये चालवणारा इको मोड लावा. पटकन करून बघायचं असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ची ९९ टक्के करा, बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो आणि तापमान झपकन उतरतं. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, पण तोवर शेजारी बसून बोलता येईल.

राहिलं मशीन बंद पडायचं. ते तापूनच पडतंय असं धरून चालू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ दिसेल, त्यावरून एवढंच कळतं की मशीन नीट शटडाऊन न होता गेलं, का गेलं ते कळत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंग सुरू करा, ते दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहीत राहतं, मग एक्सपोर्ट लावा आणि मशीन पडू द्या. परत चालू करून फाइलची शेवटची ओळ वाचा. तिथे सीपीयू मर्यादेला टेकलेला असेल तर वरचं सगळं धूळ-पेस्ट प्रकरण तुमचंच. ग्राफिक्स कार्डाचा आकडाही बघा, हॉटस्पॉटचा, म्हणजे त्याच्या चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा, वेगळा येतो तोही. आणि सगळं ७०-७५ च्या आत असताना मशीन गेलं असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या, कोणाकडचा तरी चांगला एसएमपीएस एक दिवस लावून बघा. तसं निघालं तर कितीही भारी कूलर लावलात तरी मशीन पडायचं थांबणार नाही. तुमच्या प्रोसेसरचं मॉडेल, ती शेवटची ओळ आणि झाकण काढून किती अंशांचा फरक पडला एवढं खाली कॉमेंटमध्ये लिहा, मग कूलरचं बोलू.