स्कॅन काढायचं की वाचायचं?

खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. त्यांच्या १४ वर्षांच्या भाच्याचा एकाच नाकपुडीतून सारखा घोळणा फुटायचा. डोक्यावर पाणी मारलं, कांदा हुंगवला. शेवटी बेळगावात स्कॅन झालं आणि रिपोर्टवर ‘अँजिओफायब्रोमा’ आलं, म्हणजे नाकाच्या मागची एक गाठ. तेव्हापासून दुसऱ्या पीयूसीतली, म्हणजे बारावीतली लेक म्हणते, "मला स्कॅन वाचायचंय." आई विचारतात, इमेजिंगची बीएस्सी केली की जमेल ना?

ताई, त्या डिग्रीवर स्कॅन काढता येतं, त्याचा रिपोर्ट देता येत नाही.

ही गाठ जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होते. नुसती रक्तवाहिन्यांनी भरलेली. तुकडा काढून तपासायला जावं तर रक्ताची धार लागते. म्हणून निदानाची सगळी भिस्त चित्रावर. सीटीत गालाच्या हाडातल्या पोकळीची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते. गाठ मेंदूच्या किती जवळ गेली ते एमआरआय सांगतो. हे वाचतो रेडिऑलॉजिस्ट. त्यासाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी. लांबचा पल्ला आहे, खरं.

मधली एक वाट कुणी सांगत नाही. दातांच्या डॉक्टरकीनंतर, म्हणजे बीडीएसनंतर, ओरल मेडिसिन आणि रेडिऑलॉजीत एमडीएस ही पुढची पदवी. जबड्याची, तोंडाची चमत्कारिक दुखणी तिथे रोज बघायला मिळतात.

इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षांची ती बीएस्सी मात्र कमी लेखू नका. मानेचं स्कॅन चालू असताना पेशंटनं आवंढा गिळला की चित्र पुसट येतं, मग मोठ्यातला मोठा डॉक्टरही काय वाचणार? आपल्याकडे तर "हलू नका"च्या जोडीला तेच कन्नडमध्ये "अल्लाडबेडी"ही म्हणता आलं पाहिजे. लेकीला एक दिवस सीटीच्या खोलीबाहेर बसू द्या, मग विचारा.

‘नीट’च द्यायची ठरली तर एक ध्यानात ठेवा. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते, बेळगावात नाही. मला विचाराल तर इंग्रजीच धरावी, पुढचं शिक्षण त्यातच आहे. महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी ‘एमकेबी’च्या (महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या) मोजक्या जागा असतात. तुमचं गाव यादीत आहे का बघा. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव नको, आत्ताच काढून ठेवा.